केसपेपरवरचा शिक्का आणि खाली येणारे टेबल : खानदेशातील एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाचे परीक्षण

खानदेशातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या धर्मादाय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाचे हे परीक्षण आहे. रुग्णालयाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही उणिवाही सांगायच्या आहेत, आणि ज्या कर्मचाऱ्यांनी आपल्या कामातील कच्चे दुवे मला स्वतःहून दाखवले त्यांना त्याचा त्रास होऊ नये असे वाटते. मला लहानपणी पोलिओ झाला. तरुणपण कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) आणि कुबड्यांवर गेले आणि खांद्यांनी साथ सोडल्यापासून मी व्हीलचेअर वापरते. रक्तदाब, स्त्रीरोग तपासणी आणि खांद्याचे दुखणे यांसाठी मी या रुग्णालयात जात असते. अनेकदा सोबत माझे मामा असतात, ज्यांना ऐकू येणे जवळजवळ बंद झाले आहे. तेव्हा येथे जे लिहिले आहे ते रुग्ण म्हणून आणि रुग्णाच्या सोबतीला बसून पाहिलेले आहे.

याच रुग्णालयाविषयी लिहावेसे वाटण्याचे कारण असे की काही वर्षांपूर्वी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यकशास्त्र, म्हणजे समाजाच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या, विभागातील पदव्युत्तर विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधासाठी येथे एक अभ्यास केला. दिव्यांग व्यक्ती दवाखान्यात का येत नाहीत, आणि आल्याच तर उपचार अर्धवट सोडून का परततात, असा तिचा विषय होता आणि समाजकार्य शाखेचे विद्यार्थी तिच्या मदतीला होते. अशा अभ्यासांची आपल्याकडे वानवा नाही. प्रश्नावल्या भरल्या जातात, तक्ते तयार होतात, पदवी मिळते आणि कापडी बांधणीचा प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जातो. येथे विश्वस्तांनी अभ्यास सुरू होण्यापूर्वीच दोन गोष्टी मान्य केल्या होत्या. निष्कर्षांपैकी जे रुग्णालयाच्या अखत्यारीत आहे ते बदलायचे, ही पहिली. आणि ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांपैकी काही जणांनी, काय आधी बदलायचे हे ठरवणाऱ्या समितीवर बसायचे, ही दुसरी. मला दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. आमच्याविषयी माहिती गोळा करणारे पुष्कळ येतात. त्या माहितीचे पुढे काय करायचे हे ठरवताना आम्हाला बोलावणारे विरळा.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर यात उपकार काही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले. त्याच्या २५ व्या कलमात शासकीय आणि खासगी अशा दोन्ही प्रकारच्या रुग्णालयांचा प्रत्येक भाग अडथळामुक्त असावा आणि तपासणीत व उपचारांत दिव्यांग व्यक्तींना प्राधान्य मिळावे, असे स्पष्ट म्हटले आहे. अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत जून २०२२ मध्येच सरली. त्यानंतरही आपल्या भागात एखाद्या दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी दोन माणसे व्हीलचेअर उचलून धरतात आणि तिसरा मागून ‘सांभाळून, सांभाळून’ म्हणतो, हे दृश्य कोणालाही नवे नाही.

रॅम्पविषयी थोडक्यातच सांगते, कारण आपल्याकडे सुगमतेची सगळी चर्चा रॅम्पपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. येथील रॅम्प नियमाप्रमाणे आहे, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी दिलेली आहे, आणि मी तो कोणाच्या मदतीविना चढू शकते. दोन्ही बाजूंना स्टीलचे कठडे आहेत. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडच्या उन्हात ते कठडे इतके तापतात की हात लावणे अशक्य होते. अभ्यासातील मुलाखतींत ही तक्रार आल्यावर कठड्यांवर रबरी नळी चिरून बसवण्यात आली आणि वर पत्र्याची सावली केली गेली. कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत ही नळी नाही. ती येथल्या उन्हातून आणि येथल्या माणसांना विचारल्यातून आली आहे.

या सेवेचा खरा गाभा नोंदणीच्या खिडकीवर आहे. खिडकीचा एक भाग टेबलाच्या उंचीइतका खाली आणलेला आहे, त्यामुळे व्हीलचेअरवर बसलेल्या व्यक्तीला नोंदणी करणाऱ्याचा चेहरा दिसतो. नाव, वय, गाव हे लिहून झाल्यावर प्रत्येक रुग्णाला सहा गोष्टी विचारल्या जातात : चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का, यंत्र लावूनही ऐकायला त्रास होतो का, चालायला किंवा पायऱ्या चढायला त्रास होतो का, लक्षात ठेवायला किंवा लक्ष एकाग्र करायला त्रास होतो का, अंघोळ-कपडे अशी स्वतःची कामे करायला त्रास होतो का, आणि आपले बोलणे दुसऱ्याला समजावून सांगायला किंवा दुसऱ्याचे समजून घ्यायला त्रास होतो का. उत्तरे चारच : मुळीच नाही, थोडा होतो, खूप होतो, जमतच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाने २००१ मध्ये स्थापन झालेल्या वॉशिंग्टन गटाने हे प्रश्न जनगणना आणि सर्वेक्षणांसाठी तयार केले. येथे त्यांचा उपयोग मोजदादीपुरता न ठेवता त्याच दिवशीच्या मदतीसाठी केला आहे.

हे प्रश्न सर्वांना विचारले जातात, दिसायला दिव्यांग वाटणाऱ्यांनाच नाही, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. २०११ च्या जनगणनेत भारतात २.६८ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के व्यक्ती दिव्यांग म्हणून नोंदल्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील १६ टक्के लोक, म्हणजे सहांपैकी एक जण, लक्षणीय दिव्यांगत्वासह जगतो. एवढे अंतर बऱ्याच अंशी प्रश्न कसा विचारला यावरून पडते. ‘तुमच्या घरात कोणी अपंग आहे का’ असे विचारले की साखरेच्या आजाराने दृष्टी अधू झालेली आजी ‘नाही’ म्हणते, गुडघ्यांनी जायबंदी झालेला शेतकरी ‘नाही’ म्हणतो आणि माझे मामाही ‘नाही’च म्हणतात. ‘ऐकायला त्रास होतो का’ असे कागदावर लिहून विचारले तेव्हा मात्र त्यांनी ‘खूप’वर बोट ठेवले.

त्यानंतर केसपेपरच्या उजव्या कोपऱ्यात एक शिक्का मारला जातो. शिक्क्यात पाच चौकटी आहेत : चढ-उताराला मदत, लिहून सांगा, वाचून दाखवा, शांत जागा, सोबती आत हवा. ज्या लागू असतील त्यांवर खूण केली जाते आणि सोबत तोंडी विचारले जाते. खिडकीवरच्या ताईंची बोली अहिराणी आहे. माझ्यापुढे उभ्या असलेल्या म्हातारीला त्यांनी ‘माय, तुमले काय मदत लागस?’ असे विचारलेले मी ऐकले, आणि ‘काई नको वो’ म्हणणाऱ्या त्या म्हातारीने क्षणभराने आपली वहिनी आत सोबत असू द्या असे सांगितले. निदान, टक्केवारी, प्रमाणपत्र यांपैकी काहीही त्या शिक्क्यात नाही. आज, या इमारतीत, या माणसाला काय लागेल एवढेच त्यात आहे, आणि तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर, इंजेक्शनच्या खोलीत आणि औषधांच्या खिडकीवर रुग्णाच्या आधी पोहोचतो. आयुष्यभर प्रत्येक खोलीत नव्याने आपली कहाणी सांगत आलेल्या माणसाला यातून किती मोकळे वाटते हे मी शब्दांत नीट सांगू शकणार नाही.

पुढची गोष्ट वजनाची. औषधाची मात्रा, भूल देताना लागणारा अंदाज, सूज वाढते आहे की नाही याची परीक्षा, हे सारे वजनावर अवलंबून असते, तरी उभे राहू न शकणाऱ्या माणसाचे वजन बहुतेक ठिकाणी अंदाजाने लिहिले जाते. माझ्या जुन्या कागदांवर ‘अंदाजे’ हा शब्द वर्षानुवर्षे आहे. व्हीलचेअरसह वजन करणारे वैद्यकीय यंत्र महाग पडते. येथे त्यांनी मार्केट यार्डात धान्याची पोती तोलायला वापरतात तसा जमिनीलगतचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला, त्याला पुढे-मागे लोखंडी पत्र्याचे छोटे उतार जोडले आणि खुर्चीसकट वजन करून खुर्चीचे वजन वजा करण्याची पद्धत ठेवली. रुग्णालयाच्या प्रत्येक व्हीलचेअरच्या मागच्या नळीवर तिचे वजन रंगाने लिहिलेले आहे आणि स्वतःची खुर्ची घेऊन येणाऱ्यांच्या खुर्चीचे वजन केसपेपरवर एकदाच नोंदवून ठेवतात. काट्याची तपासणी वैधमापन खात्याकडून करून घेतली आहे का, हे मी विचारले तेव्हा परिचारिकेने शिक्क्याची तारीख दाखवली.

तपासणीच्या टेबलाविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे. व्हीलचेअरची बैठक जमिनीपासून साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर उंच असते आणि नेहमीचे तपासणी टेबल तिच्यापेक्षा बरेच उंच. या मधल्या अंतरात असंख्य स्त्रियांच्या तपासण्या राहून गेल्या आहेत. राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरील स्त्रियांची स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी अपेक्षित आहे. पण टेबलावर चढता येत नाही, उचलून ठेवायला परके पुरुष कर्मचारी बोलावले जातात, पाय टेबलाच्या रिकिबीत, म्हणजे पाय टेकवायच्या आधारांत, बसत नाहीत, आणि मग ‘तुम्हाला तसा काही त्रास नाही ना, मग राहू द्या’ असे म्हणून प्रकरण मिटते. अन्यत्र एका दवाखान्यात हे वाक्य मी ऐकले आहे आणि ऐकून सुटल्यासारखेही वाटले आहे, इतकी ती उचलाउचल मानहानीची असते. शिवाय, लग्न न झालेल्या किंवा दिव्यांग स्त्रीला ही तपासणी कशाला हवी, असा एक न बोललेला समज त्यामागे असतो.

या रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात पायाने दाबून वर-खाली होणारे एक टेबल आहे. ते माझ्या खुर्चीच्या बैठकीइतके खाली आले, परिचारिकेने मधल्या फटीवर गुळगुळीत लाकडी फळी ठेवली आणि मी हातांच्या जोरावर स्वतः सरकले. डॉक्टरांनी आधी विचारले की कोणता पाय कितपत वळतो, कुठे धरले तर दुखते आणि पूर्वी कोणती स्थिती सोयीची वाटली होती. माझा उजवा पाय गुडघ्यात आखडलेला असल्याने त्यांनी रिकिबींचा विचारच सोडून दिला आणि मला डाव्या कुशीवर झोपवून, वरचा पाय परिचारिकेच्या हातावर टेकवून तपासणी केली. प्रत्येक पायरीपूर्वी आता काय करणार आहे ते सांगितले. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून रंग बदलतो का ते पाहण्याची तपासणी फार साधी असते आणि तिला फार वेळ लागत नाही. एवढ्याशा गोष्टीवाचून मी इतकी वर्षे राहिले याचा विषाद वाटल्याशिवाय राहिला नाही. समितीच्या पहिल्या यादीत सर्वांत वर हे टेबल होते असे मला नंतर कळले. विश्वस्तांच्या मनात आधी लिफ्ट होती. मुलाखती दिलेल्या स्त्रियांनी टेबल मागितले.

डॉक्टर कोणाशी बोलतात, हाही माझ्या दृष्टीने परीक्षणाचा विषय आहे. दिव्यांग रुग्णासोबत कोणी असेल तर डॉक्टरांची नजर आपोआप सोबत्याकडे वळते आणि ‘यांना काय होतंय’ हा प्रश्न माझ्या डोक्यावरून निघून जातो. येथे तसे होत नाही, किंवा होऊ लागले तर डॉक्टर स्वतःला सावरतात. त्यामागे प्रशिक्षण आहे. २०१९ मध्ये तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने एमबीबीएसच्या आरंभीच्या पायाभूत अभ्यासक्रमात दिव्यांगत्वविषयक क्षमतांसाठी सात तासांचे शिक्षण ठेवले. त्यासाठी दिल्लीचे डॉ. सतेंद्र सिंग, जे स्वतः पोलिओग्रस्त डॉक्टर आहेत, आणि त्यांच्यासोबतच्या दिव्यांग डॉक्टरांनी मोठा पाठपुरावा केला होता. सात तास फार नाहीत. पण ते तास कोण शिकवते यावर बरेच अवलंबून असते. डोळ्यांना पट्टी बांधून दहा मिनिटे चालायला लावण्याच्या खेळातून विद्यार्थ्यांच्या मनात बहुधा कीव तेवढी उरते, असा आक्षेप या विषयाच्या अभ्यासकांनी घेतला आहे. या रुग्णालयात येणाऱ्या आंतरवासिता (इंटर्न) डॉक्टरांसाठी दिव्यांग व्यक्तीच शिक्षक म्हणून बसतात. मीही अशा एका वर्गात बसले आहे. तेथे एका तरुण डॉक्टरने मला विचारले की पोलिओचा रुग्ण आपण कधी पाहिलेलाच नाही, तर काय लक्षात ठेवावे. त्याचा प्रश्न रास्त होता. भारतातील शेवटचा नैसर्गिक पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये नोंदला गेला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला; नव्या पिढीच्या डॉक्टरांना हा आजार पुस्तकातच भेटतो, पण तो झालेली माझ्या वयाची माणसे अजून गावोगाव आहेत, त्यांचे सांधे झिजत आहेत आणि अनेक वर्षांनी स्नायू पुन्हा दुबळे होऊ लागण्याचा त्रास त्यांच्यापैकी अनेकांना होतो.

याच्या उलट चूकही होते आणि ती अधिक धोक्याची आहे. आमचे प्रत्येक दुखणे दिव्यांगत्वाच्या खात्यात टाकले जाते. मला दीर्घकाळ थकवा येत होता आणि जेथे जाई तेथे ‘पोलिओ आहे, थकवा यायचाच’ असे सांगितले जाई. येथे रक्त तपासले आणि हिमोग्लोबिन बरेच कमी निघाले. औषध सुरू झाल्यावर थकवा ओसरला. प्रतीक्षागृहात भेटलेल्या एका आईने तिच्या बौद्धिक दिव्यांग मुलाचे सांगितले : तो रात्री कानशिलावर हात मारून घेत असे आणि सर्वांनी ते त्याच्या स्वभावावर घातले, दाढ किडून आतपर्यंत सडली होती, ती काढल्यावर मारणे थांबले. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच अहवालात म्हटले आहे की दिव्यांगत्व असलेल्या काही व्यक्ती इतरांपेक्षा २० वर्षांपर्यंत लवकर मरण पावतात. त्या वीस वर्षांत अशा न तपासलेल्या दाढा आणि न मोजलेली हिमोग्लोबिने किती असतील, असा विचार मनात येतो.

मामांच्या बाबतीत सेवा निम्मी चांगली आहे. डॉक्टर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहितात, मास्क खाली घेऊन सावकाश बोलतात आणि ‘आबा, समजलं का’ असे विचारून न थांबता औषध कसे घेणार ते त्यांच्याकडूनच वदवून घेतात. जन्मतः कर्णबधिर असलेल्यांसाठी ठरलेल्या दिवशी व्हिडिओ कॉलवर भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी उपलब्ध असतो. अभ्यासातून पुढे आलेली अडचण अशी की खेड्यातील अनेक प्रौढ कर्णबधिरांना शाळा मिळालीच नाही, त्यांना प्रमाण सांकेतिक भाषा येत नाही आणि घरात घडलेल्या खुणा दुभाष्याला कळत नाहीत. त्यांच्यासाठी चित्रांचे तक्ते केले आहेत. दुखण्याची जागा, दुखण्याची तऱ्हा, केव्हापासून, असे. उपाय अपुरा आहे, पण प्रामाणिक आहे. औषधांच्या खिडकीवर दृष्टिहीनांसाठी गोळ्यांच्या पाकिटांना रबर लावून देतात : सकाळच्या गोळीला एक, रात्रीच्या गोळीला दोन.

सातपुड्याच्या पायथ्याकडून, चोपडा-यावलच्या पाड्यांवरून येणाऱ्या पावरा आदिवासी कुटुंबांतील सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण हा खानदेशातील दिव्यांगत्वाचा असा भाग आहे जो रॅम्पने सुटत नाही. २०१६ च्या कायद्याने सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया या रक्तविकारांचा दिव्यांगत्वात समावेश केला, तरी धडधाकट दिसणारी पंधरा-सोळा वर्षांची मुलगी रांगेत पुढे गेली की मागून कुरकुर ऐकू येते. सिकलसेलच्या झटक्यात होणाऱ्या वेदना असह्य असतात आणि शरीरातील पाणी कमी होणे हे झटका येण्याचे एक कारण आहे. अशा रुग्णाला उन्हात, पाण्याविना, रांगेत उभे करणे म्हणजे आजार वाढवणेच. येथे शिक्क्यात ‘शांत जागा’वर खूण झाली की रुग्णाला पंख्याखालच्या बाकावर बसवून पाणी दिले जाते आणि आधी आत घेतले जाते. पावरी बोलणारी एक परिचारिका आहे. तिची रजा असेल त्या दिवशी मात्र पावरी बोलणारे कोणी नसते. नोंदणीवर आणखी एखादी पावरी भाषक मुलगी घ्यायला हरकत नसावी. जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले आहे, त्यात तपासण्यांवर भर आहे. तपासणीनंतर आयुष्यभर दवाखान्यात यावे लागणाऱ्या माणसाचे तेथे स्वागत कसे होते हेही त्यातच धरले पाहिजे.

आता उणिवा. सोनोग्राफी आणि रक्ततपासणी या दोन्ही सेवा रुग्णालयाने बाहेरच्या संस्थांना चालवायला दिल्या आहेत आणि शिक्क्याचे राज्य त्यांच्या दारापाशी संपते. रक्त तपासणाऱ्यांनी मामांचे नाव तोंडी पुकारले, मामा समोरच बसून राहिले आणि त्यांचा क्रमांक मागे गेला; शिक्क्यावर ‘लिहून सांगा’ ही खूण ठळक होती. सोनोग्राफीचा प्रसंग याहून वाईट. ओटीपोटाच्या सोनोग्राफीसाठी भरपूर पाणी पिऊन थांबायला सांगितले जाते. तपासणी झाल्यावर मी स्वच्छतागृहाकडे गेले तर व्हीलचेअरसाठी असलेल्या स्वच्छतागृहाला कुलूप होते, किल्ली पहारेकऱ्याकडे होती, पहारेकरी चहाला गेला होता, आणि दार उघडले तेव्हा आत बादल्या, खराटे आणि फिनेलचे डबे रचून ठेवलेले होते. त्या वेळात माझ्यावर काय गुदरले ते वाचकांनी समजून घ्यावे. मी लेखी तक्रार दिली. समितीच्या पुढच्या बैठकीनंतर कुलूप काढले आणि बादल्या हलवल्या. बाहेरच्या संस्थांच्या करारात मात्र शिक्क्याप्रमाणे वागण्याची अट अजून घातलेली नाही. करार नव्याने होतील तेव्हा घालू, असे उत्तर मिळाले. एवढे थांबण्याचे कारण मला पटले नाही, कारण कर्मचाऱ्यांना शिक्का दाखवून समजावायला करार लागत नाही.

मूळ अभ्यासातही एक मोठी जागा रिकामी राहिली आहे. मानसिक आजार असलेल्या आणि बौद्धिक दिव्यांग व्यक्तींच्या मुलाखती त्यात नाहीत. त्यांच्या वतीने घरच्यांनी उत्तरे दिली. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीती समित्या अशा व्यक्तींच्या संमतीविषयी साशंक असतात आणि संशोधक सोपा मार्ग म्हणून त्यांना वगळतात. मानसिक आजार आहे एवढ्यावरून माणूस निर्णय घ्यायला असमर्थ ठरत नाही, हे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही मानतो. परिणाम असा की ‘शांत जागा’ ही चौकट शिक्क्यात आहे, पण प्रत्यक्षात ती जागा म्हणजे गोंगाटाच्या दालनातला एक बाक आहे. स्वमग्न मुलाला घेऊन आलेले आईवडील व्हरांड्यात फेऱ्या मारताना दिसतात. ज्यांना विचारले त्यांच्या गरजा भागल्या आणि ज्यांना विचारले नाही त्यांच्या राहिल्या, इतका सरळ हिशेब या इमारतीत वाचता येतो.

दुसरा प्रश्न सातत्याचा. पदव्युत्तर अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो. प्रबंध करणारी विद्यार्थिनी पदवी घेऊन गेली. तिने मागे वर्षातून एकदा करण्याची तपासणी-सूची ठेवली आहे आणि आंतरवासिता डॉक्टर ती दरवर्षी भरतात, ही समाधानाची बाब आहे. मात्र अहवाल इंग्रजीत होता. मागणी केल्यावर त्याचा दोन पानी मराठी गोषवारा नोंदणीजवळच्या भिंतीवर लागला, तोही उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर. आता तो खाली आणला आहे. अभ्यासाला पुढे किती वजन येऊ शकते याचे अलीकडचे उदाहरण सर्वोच्च न्यायालयाचे आहे. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाच्या दिव्यांगत्व अभ्यास केंद्राने प्रत्यक्ष ठिकाणे पाहून आणि दिव्यांग व्यक्तींशी बोलून केलेला अहवाल न्यायालयाने आधाराला घेतला आणि ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सुगमतेचे निकष ऐच्छिक न राहता बंधनकारक असले पाहिजेत असे ठरवले. खानदेशात तीन जिल्ह्यांत वैद्यकीय महाविद्यालये आहेत, विद्यापीठ आहे, समाजकार्य शिकणारी मुले आहेत. प्रत्येक तालुक्याच्या रुग्णालयाला असा एक अभ्यास मिळणे माणसांच्या अभावी अडलेले नाही.

जाणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. रुग्णालय धर्मादाय असल्याने कायद्याप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव आहेत. बाह्यरुग्ण तपासणीचे शुल्क माफक आहे. मदतीसाठी दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) दाखवावे लागत नाही, शिक्का सर्वांना मिळतो. प्रमाणपत्र येथे मिळत नाही, ते शासकीय वैद्यकीय मंडळच देते. पण ऑनलाइन अर्ज भरून द्यायला एक कर्मचारी दुपारी बसतो. एसटीने येणार असाल तर बसस्थानकापासूनचा शेवटचा टप्पा रिक्षानेच करावा लागतो आणि घडी न होणारी व्हीलचेअर रिक्षात मावत नाही, तेव्हा घडीची खुर्ची आणावी किंवा आधी फोन करून रुग्णालयाची खुर्ची फाटकापाशी मागवावी. स्त्रीरोग विभागातील खाली येणारे टेबल एकच आहे, म्हणून नोंदणी करतानाच ते हवे असल्याचे सांगावे. सोनोग्राफीला जाताना केसपेपर हातात धरून शिक्का तंत्रज्ञाला स्वतः दाखवावा, आणि पाणी पिण्यापूर्वी स्वच्छतागृहाचे दार उघडे आहे ना ते पाहून घ्यावे.